मिस्टरांच्या अपघाताची केस आणि नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळचं वकील मॅडमचं ऑफिस, आमचा तीन वर्षांचा अनुभव

५ पैकी ४ स्टार देतेय. एक का कापला ते पुढे येईलच. ऑफिसचं आणि मॅडमचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही, लिहिणारच होते पण त्यांनीच नको म्हटलं, वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमात बंदी आहे. त्यामुळे एवढंच सांगते की सीबीएसवरून जिल्हा कोर्टाकडे चालत निघालं की पाच मिनिटांत येतं, दुसरा मजला, खाली झेरॉक्सवाला आणि चहाची टपरी.

आमचं काय झालं ते आधी. जुलै २०२२ ला मिस्टर सेकंड शिफ्ट संपवून अंबड एमआयडीसीतून घरी सिडकोत येत होते, रात्रीचे पावणेबारा, पाऊस, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे भाजीचा रिकामा पिकअप राँग साइडने आला आणि समोरून धडकला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं पण उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला, प्लेट टाकावी लागली आणि नस दुखावल्यामुळे करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट आजही पूर्ण मिटत नाही. हे व्हीएमसी, म्हणजे कंपनीतल्या धातू कापायच्या कॉम्प्युटर मशीनचे ऑपरेटर आहेत, कॉन्ट्रॅक्टवर, पगार २२,००० बँकेत जमा व्हायचा. ज्याचं सगळं काम हातावर त्याचाच उजवा हात गेला म्हणजे घरात काय वातावरण असेल ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांनाच कळेल.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या वॉर्डात एक माणूस आला. चांगले कपडे, हातात फाइल, ताई काळजी करू नका २० लाख मिळवून देतो, तुम्हाला एक रुपया भरायचा नाही, पैसे आल्यावर आमचे २५ टक्के. आणि लगेच कोरं वकीलपत्र आणि दोन कोरे कागद पुढे केले, इथे यांचा अंगठा घ्या, इथे तुमची सही. मला तेव्हा काहीच सुचत नव्हतं, बिल रोज वाढत होतं, मी पेन हातात घेतलं होतं खरं. जाऊबाई डबा घेऊन आल्या होत्या त्यांनी कागद उचलून परत दिले आणि म्हणाल्या आधी घरात बोलू देत. त्यांच्या माहेरच्यांची केस या मॅडमनी चालवलेली, तिथून आम्हाला नंबर मिळाला.

मॅडमकडे पहिल्यांदा गेले तेव्हा पहिलाच प्रश्न माझा फीचा, टक्के किती? त्यांनी फाइल बाजूला ठेवून नीट समजावलं की निकालावर अवलंबून फी ठरवायची किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा हे वकिलाला नियमानेच चालत नाही, जो टक्के मागतो तो एकतर वकील नाही किंवा नियम मोडतोय. त्यांची फी ४५,००० ठरली, तीन टप्प्यांत, प्रत्येक वेळी पावती. आणि पुढे स्वतःच म्हणाल्या की हेही झेपत नसेल तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे अर्ज करा, बाई अर्जदार असेल तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, दिव्यांग व्यक्तीला मिळतो, एससी एसटीला मिळतो, कमी उत्पन्नवाल्यांना मिळतो, १५१०० नंबरवर फोन केला तरी माहिती देतात. समोर बसलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे फुकट काम होतं म्हणून कोण पाठवतं हो? मी तिथेच ठरवलं की केस इथेच द्यायची.

मग त्यांनी कागदांची यादी दिली आणि खरं सांगायचं तर आमची केस त्या यादीने जिंकली असं माझं मत आहे. एफआयआरची कॉपी, स्थळ पंचनामा, पिकअपची आरसी आणि इन्शुरन्स पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन, हॉस्पिटलचं इंजुरी सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक औषधाचं बिल मूळ आणि नंबर घातलेलं, एक्स-रेच्या फिल्म, बँक स्टेटमेंट मागच्या एका वर्षाचं, कंपनीचं गेटपास आणि हजेरीचं पत्र. मेडिकलवाल्याकडून साधी चिठ्ठी घ्यायची नाही, पेशंटच्या नावाचं पक्कं बिलच घ्यायचं, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं नसतं तर वीस पंचवीस हजार तसेच बुडाले असते. फिजिओथेरपीला रिक्षाने जायचो त्याची पण वही ठेवायला लावली, तारीख आणि पैसे.

पोलीस स्टेशनचं पण त्यांनीच सांगितलं. १ एप्रिल २०२२ पासून नवीन नियम आलेत, अपघात झाला की पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात रिपोर्ट एमएसीटीला, म्हणजे अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणाला, आणि इन्शुरन्स कंपनीला पाठवायचा असतो आणि ९० दिवसांत सगळा सविस्तर रिपोर्ट, आणि तो सविस्तर रिपोर्टच क्लेमचा अर्ज म्हणून धरता येतो. आमच्या वेळी ज्या पोलीस स्टेशनला केस होती तिथून ९० दिवसांत काही गेलं नाही, मी तीन चकरा मारल्या, म्हणून मॅडमनी वाट न बघता मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ चा, म्हणजे भरपाईचा स्वतंत्र अर्ज तयार केला. कारण त्याच नवीन नियमात मुदत पण आलीय, अपघातापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज टाकायचा. आधी अशी मुदत नव्हती त्यामुळे जुने लोक अजून सांगतात की काही घाई नाही, बरं वाटल्यावर बघू. त्यांचं ऐकू नका. आमचा अर्ज नोव्हेंबर २०२२ मध्ये पडला, हाताला तेव्हा पट्टा होता.

अर्ज कुठे टाकायचा हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. अपघात जिथे झाला तिथेच टाकावा लागतो असं नाही, तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथेही चालतो, समोरचा जिथे राहतो तिथेही. माझ्या चुलत भावाला शहापूरजवळ गाडीने उडवलं होतं, तो ठाण्याला चकरा मारायच्या म्हणून क्लेमच करत नव्हता, त्याला हेच सांगितलं, त्याची केस आता नाशिकला चालू आहे.

आता पैशाचं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथेच लोकांना सगळ्यात जास्त फसवलं जातं, कोणी म्हणतं ५ लाख कोणी म्हणतं ५० लाख, आणि हिशेब कोणीच दाखवत नाही. मॅडमनी कागदावर मांडून दाखवला. महिन्याचा पगार २२,०००. वय ३८, कॉन्ट्रॅक्टवरची नोकरी, म्हणजे पुढे पगार वाढला असता म्हणून ४० टक्के वर धरायचे, ८,८०० झाले, एकूण ३०,८००. (४० ते ५० वय असेल तर २५ टक्के, ५० ते ६० ला १० टक्के, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातलं आहे, कायम नोकरीवाल्यांना याहून जास्त धरतात.) वर्षाचे ३,६९,६००. मग मल्टिप्लायर, तो वयावर ठरतो, २००९ च्या सरला वर्मा निकालात तक्ता आहे, ३६ ते ४० वयाला १५. गुणाकार ५५,४४,०००. हा आकडा बघून माझे डोळे मोठे झाले पण तो पूर्ण मिळत नसतो, तो माणूस कमवायचा पूर्ण थांबला तर. त्याला किती टक्के कमाई गेली त्याने गुणायचं.

आणि हे टक्के सर्टिफिकेटवरचे टक्के नव्हेत. मला वाटायचं सिव्हिल हॉस्पिटलच्या डिसॅबिलिटी सर्टिफिकेटवर जे लिहिलंय तेच धरतात. तसं नाही. सुप्रीम कोर्टाचा २०११ चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकाल आहे, त्यात सांगितलंय की डाव्या हाताचा पंजा गेला आणि माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास १०० टक्के जाऊ शकते, आणि तोच सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरीला धक्काही लागणार नाही. म्हणजे शरीराचं नुकसान वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं, आणि दुसरं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी मॅडमनी कंपनीच्या सुपरवायझरची साक्ष काढली, त्यांनी कोर्टात सांगितलं की जॉब सेट करताना, टूल बदलताना उजव्या हाताची पकड लागते, हे आता मशीनवर उभे राहू शकत नाहीत म्हणून आम्ही यांना स्टोअरला घेतलं तेही कमी पगारावर. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांची पण साक्ष झाली, नुसतं सर्टिफिकेट फाइलला लावून भागत नाही, डॉक्टरांना उलटतपासाला उभं राहावं लागतं. डॉक्टर लोक यायला तयार नसतात हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, म्हणून डिस्चार्जच्या वेळीच त्यांच्याशी बोलून ठेवायला लावलेलं.

समोर इन्शुरन्स कंपनीचे वकील. (कंपनीचं नाव लिहीत नाही.) त्यांचं पहिलं म्हणणं की चूक दोघांची अर्धी अर्धी. तिथे स्थळ पंचनामा कामाला आला, पिकअप रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभा सापडला आणि आपली गाडी कुठे पडली होती, काचा कुठे होत्या, सगळं त्यात होतं. दुसरं म्हणणं हेल्मेट नव्हतं. हेल्मेट होतंच, पण मॅडमनी हेही म्हटलं की हात मोडण्याचा हेल्मेटशी संबंध काय. तिसरं म्हणणं मात्र अवघड होतं. ड्रायव्हरकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन होतं, ट्रान्सपोर्टचं म्हणजे धंद्याच्या गाडीचं वेगळं नव्हतं, म्हणून कंपनी म्हणे आम्ही पैसे देणं लागतच नाही. मी रात्रभर झोपले नाही त्या दिवशी, कारण पिकअपवाल्याकडून काय वसूल होणार, तो स्वतःच हप्त्यावर गाडी चालवणारा माणूस. तेव्हा हा प्रश्न सुप्रीम कोर्टात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे होता आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला की साडेसात हजार किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी एलएमव्ही लायसनवर चालवता येते, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. मॅडमनी त्याच संध्याकाळी फोन केला. मी तेव्हा भाकरी थापत होते, पीठ लागलेल्या हातानेच फोन धरला. पिकअपचं वजन त्याच्या आतच बसत होतं. आणि समजा तो मुद्दा आपल्या विरोधात गेला असता तरी बऱ्याच केसेसमध्ये कोर्ट कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल कर म्हणतं, हेही त्यांनी समजावलं होतं.

मध्ये २०२३ ला लोकअदालत झाली. कंपनीने ८ लाखांची ऑफर दिली. घरात भांडणं झाली यावरून, सासरे म्हणत होते घेऊन मोकळे व्हा, कर्ज आहे डोक्यावर. मॅडमनी घ्या किंवा घेऊ नका असं काही म्हटलं नाही, दोन्ही बाजू सांगितल्या, लोकअदालतीत सही केली की तो निकाल अंतिम, त्यावर अपील नाही, पैसे लवकर मिळतात, आणि नाही घेतली तर साक्षी पुरावे होतील, कमी पण मिळू शकतं आणि वेळ जाईल. दोन दिवस विचार करायला दिले. मिस्टरांनीच शेवटी नको म्हटलं. ज्यांची केस कच्ची आहे किंवा पैशाची फार नड आहे त्यांना लोकअदालत चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवणार नाही.

निकाल जून २०२५ ला लागला. कमाईचं नुकसान २५ टक्के धरलं म्हणजे १३,८६,०००, आम्ही ३५ मागितलं होतं. त्यात दवाखान्याची बिलं ३,१२,०००, घरी बसलेल्या पाच महिन्यांचा पगार १,१०,०००, वेदनांबद्दल ७५,०००, रिक्षा, खाणंपिणं आणि सोबत राहणाऱ्या माणसाचे मिळून ३०,०००. एकूण १९,१३,००० आणि अर्ज टाकल्या तारखेपासून ७ टक्के व्याज. यातला काही भाग कोर्टाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी करायला सांगितला, तो लगेच काढता येत नाही, आधी राग आला पण आता वाटतं बरं झालं, सगळे एकदम हातात आले असते तर नातेवाइकांनी ओळखी काढल्या असत्या. कंपनीला हायकोर्टात अपील करायला ९० दिवस असतात, ते दिवस मोजत काढले आम्ही. अपील झालं नाही, ऑक्टोबरमध्ये पैसे आले.

त्या ऑफिसच्या बाकड्यावर बसून इतर लोकांच्या गोष्टी पण ऐकल्या, त्यातल्या सांगण्यासारख्या सांगते. ठोकून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही तर केस एमएसीटीत नाही, त्यासाठी सरकारी योजना आहे, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे चौकशीला जातो आणि मंजुरी कलेक्टरकडून, मृत्यू असेल तर २ लाख आणि गंभीर जखमेला ५०,०००. रिक्षात बसलेल्या माणसाला दोन गाड्यांच्या चुकीत लागलं तर त्याने चूक कोणाची याच्यात पडायचं नाही, दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते. आपलीच गाडी घसरून आपणच पडलो तर थर्ड पार्टी पॉलिसी आपल्याला काही देत नाही, त्यासाठी मालक-चालकाचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतं १५ लाखांचं, तेही मृत्यू किंवा मोठ्या कायमच्या अपंगत्वाला, पॉलिसी घेताना ते आहे का बघून घ्या. कंपनीत मशीनवर बोट गेलं तर ती केस पूर्ण वेगळी, आधी त्याला १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, आणि पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर भरपाई ईएसआयकडूनच. सातपूरचे एक काका दीड वर्ष चुकीच्या ठिकाणी विचारत फिरत होते, त्यांचं ऐकून वाईट वाटलं.

खड्ड्याचं पण विचारतात सगळे, नाशिकमध्ये पावसाळ्यात दुसरा विषय नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने आदेश दिलाय की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमीला जखमेप्रमाणे ५०,००० ते अडीच लाख, रस्ता ज्याच्या ताब्यात त्याने द्यायचे. त्यामुळे पडलात तर त्याच दिवशी खड्ड्याचा फोटो काढा, पोलिसांत नोंद करा आणि केस पेपरवर खड्ड्यात गाडी गेल्याने पडले असं डॉक्टरांना लिहायला सांगा. आणि मे २०२५ पासून अपघातातल्या जखमींना ठरवलेल्या हॉस्पिटलमध्ये पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे. आमच्या वेळी नव्हती, आम्ही माझं मंगळसूत्र ठेवलं होतं. तुमच्यावर वेळ आली तर ॲडमिट करतानाच काउंटरवर विचारा.

आता कापलेला स्टार. एक तर ऑफिसला लिफ्ट नाही, आणि येणारी निम्मी माणसं कुबड्या घेऊन नाहीतर प्लास्टरमध्ये येतात, मी एका आजींना दोन जणांनी खुर्चीवर बसवून वर नेताना पाहिलंय. मॅडम अशा वेळी खाली टपरीवर येऊन बोलतात हे खरं, पण तिथे सगळ्यांसमोर घरचं काय बोलणार. दुसरं म्हणजे तिथला क्लार्क. त्याने आम्हाला एकदा चुकीची तारीख सांगितली, मिस्टरांची हजेरी बुडाली, सुपरवायझर साहेब पण साक्षीसाठी सुट्टी टाकून आले होते, आणि कोर्टात गेलो तर बोर्डावर केसच नाही. त्याने सॉरी पण नीट म्हटलं नाही. त्यानंतर मी ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस नंबर टाकून स्वतः तारीख बघायला शिकले, ते तुम्ही पहिल्या दिवसापासून करा, फुकट आहे. आणि आमचं मूळ डिस्चार्ज कार्ड त्यांच्याकडे चार महिने सापडत नव्हतं, दुसऱ्याच कोणाच्या फाइलमध्ये निघालं. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी कपाटच बदललं, प्रत्येकाला वेगळी पेटी केली. पण मूळ कागद देताना त्याची यादी करून खाली सही घ्यायची, कोणाकडेही.

व्हॉट्सॲपला उत्तर दोन दोन दिवस येत नाही. फोन कोर्टाच्या वेळेत उचलत नाहीत, संध्याकाळी सातनंतर उचलतात.

मिस्टर अजून स्टोअरलाच आहेत, संध्याकाळी बॉल दाबायचा व्यायाम चालू आहे. ऑफिस सोमवार ते शनिवार संध्याकाळी साडेपाच ते नऊ, पहिल्या भेटीचे पैसे घेत नाहीत. जाताना एफआयआर, डिस्चार्ज कार्ड आणि पॉलिसी असेल तर तिची झेरॉक्स न्या, मूळ कागद घरी ठेवा. नाव पाहिजे असेल तर खाली टपरीवर अपघातवाल्या मॅडम विचारा, तो वर बोट दाखवेल.